बे दिडे तीन

माझ्याकडे जॅझची एकच रेकॉर्ड आहे. तिच्या दुसऱ्या बाजूवरचा पहिला तुकडा तेवढा मी ऐकतो, आणि तोही घरात कुणी नसताना. बायकोला त्यात गाणं सापडत नाही आणि मुलांना तो जुनाट वाटतो. दोघांचंही बरोबर आहे. त्यात शब्द नाहीत, आणि तो माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. मी संगीतातला माणूस नाही. खरेदी-विक्री संघाच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात माझी नोकरी चालली आहे. तरी या एका तुकड्याची रचना मला शेवटच्या मात्रेपर्यंत पाठ आहे. ती कशी पाठ झाली ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

त्र्याहत्तर साल. नगरच्या कडेला, मिशनच्या शाळेमागे आमच्या दोन खोल्या होत्या. वडील आदल्या वर्षी वारले होते. घरात आई, दादा आणि मी. माझी नोकरी नवी होती. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा. शेवगाव, घोडेगाव, पार कोपरगावपर्यंत त्याच्या बँडला बोलावणी असत. बँडवाले ठरलेल्या कामाला सुपारी म्हणतात. त्या वर्षी पाऊस नव्हता, तशा सुपाऱ्याही नव्हत्या. लोकांनी लग्नं पुढे ढकलली होती, आणि ज्यांनी केली त्यांनी चार माणसांत हार घालून उरकली. दादा सकाळी क्लॅरनेटचे तुकडे जोडायचा, नळीतून फडकं फिरवायचा, पुन्हा तुकडे सुटे करून पेटीत ठेवायचा. वाजवायचा नाही. आईला ते बघवत नसे.

शेजारी एक म्हातारे मास्तर राहत. शाळेतले नव्हेत. मुंबईच्या एका हॉटेलात त्यांनी बरीच वर्षं ट्रंपेट वाजवला होता. पुढचे दात गेल्यावर ट्रंपेट ओठांना टिकेना, म्हणून ते गावी परत आले. येताना विजेवर चालणारं रेकॉर्डचं मशीन आणि रेकॉर्डींची एक पेटी घेऊन आले. एका संध्याकाळी कुंपणावरून त्यांनी दादाला हाक मारली.

"हॉटेलातला माझा जुना सोबती अजून तिथंच बँड चालवतो. त्याचा क्लॅरनेटवाला बोटीवर वाजवायला गेला. जागा रिकामी आहे."

"मला घेईल?"

"तुला कशाला घेईल? तुझी वरात तिथं कोण ऐकणार? पण ईस्टर झाला की तो माझ्याकडे चार दिवस येतोय. त्याला आवडणारी एक चीज मी तुला देतो. ती बसली तर घेईल."

त्या रात्री जेवताना दादानं आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मुंबईला कशाला? हितं काय कमी हाय?"

"इथं काय जास्त आहे ते सांग."

"एक देवानं नेला," आई म्हणाली. "आता दुसरा हाटेलवाला न्यायला निगाला."

मग ती माझ्याकडे वळली. "तू का गप? तुझ्या हिशेबात काय बसतंय?"

मी ताटातली भाकरी मोडत राहिलो. दादानं जावं असं मला वाटत होतं, कारण पेटी उघडून बंद करणारा दादा मलाही बघवत नव्हता. आणि त्यानं जाऊ नये असंही वाटत होतं. या दोन रकमांची बेरीज होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की मी दादाबरोबर मास्तरांकडे जायला लागलो. त्यांच्या पडवीत एक सतरंजी, मशीन आणि सुरांसाठी जुनी हार्मोनियम. मास्तरांनी सुई ठेवली. आधी एक जाड, खोल आवाज दोनच सुरांवर झुलायला लागला. मग पितळी थाळीवर काडी पडू लागली. मग पियानो, आणि सगळ्यांत शेवटी सॅक्सोफोन. सॅक्सोफोनची चाल सोपी होती, जवळजवळ उदास. ती घाई करत नव्हती.

"मोज," मास्तर मला म्हणाले. "तू कारकून आहेस ना? मोज आणि सांग."

तीन मात्रांचा एक खण होता. त्याला मास्तर बार म्हणत. असे सोळा बार एकाच सुरावटीत, मग आठ बार वेगळे, मग पुन्हा आठ पहिल्यासारखे. एकूण बत्तीस. बत्तीस त्रिक शहाण्णव मात्रा झाल्या की एक फेरी पुरी, आणि पुढची फेरी परत पहिल्यापासून. मी हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी दादाकडे पाहिलं. "बघ, तुझ्या भावाला निम्मा तुकडा आला. वाजवता येत नाही एवढंच."

सुरांचा भाग त्यांनी हार्मोनियमवर दाखवला. पहिले सोळा बार पांढरी दोनवर सा धरायचा, ग आणि नि कोमल. आपल्या काफीचेच सूर. मधल्या आठ बारांत तीच सुरावट जशीच्या तशी काळी दोनवर जाते, म्हणजे सगळं अर्ध्या सुरानं वर सरकतं, आणि मग खाली परत येतं. बस. दुसरं काही नाही.

दादाचं इथंच अडलं. सिनेमाच्या गाण्यात दर ओळीला काहीतरी बदलतं. कडवं येतं, मधले तुकडे येतात. इथं सोळा बार एकाच जागी काढायचे. तो चौथ्या-पाचव्या बारालाच अस्वस्थ व्हायचा आणि सूर भराभर टाकायला लागायचा.

"कुठं पळतोस?" मास्तर म्हणायचे.

"काही होतच नाही हो त्यात."

"होत नाही तेच तर आहे. पूर्वी हे जॅझवाले लोक दर बाराला सुरांचा डोलारा बदलायचे. वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. मग काही जण कंटाळले. म्हणाले, एकाच घरात राहू, बघू किती दिवस करमतं. तुझी आई चर्चमध्ये एका सुरावर अख्खं भजन म्हणते, तेव्हा तिला म्हणतोस का काही होत नाही म्हणून?"

खरी अडचण मात्र सुरांची नव्हती, पायांची होती. दादा सगळं संगीत चालत शिकला होता. लग्नाच्या बँडमध्ये उजवा-डावा पाय हाच ताल. दोन किंवा चार मात्रा असल्या की दर वेळी डावा पाय जड मात्रेवर पडतो. तीनांत तसं होत नाही. पहिल्या बाराला डावा पाय येतो, तर दुसऱ्याला उजवा. दादाचा जड सूर डाव्या पायाला बांधलेला होता, त्यामुळे एक बार बरोबर पडायचा आणि पुढचा लुळा. मास्तरांनी त्याला खाली बसवलं. बसून त्याला फुंकताच येईना. पाय सतरंजीवर आपोआप हलायचे आणि चाल पुन्हा दोनात जायची.

मास्तर हसले. "अमेरिकेतल्या काळ्या लोकांचंही हेच झालं. त्यांचं संगीत निघालं तेच मुळी बँडमधून. मयतीला वाजवत जायचं, मिरवणुकीत वाजवत यायचं. तुमच्यासारखेच. वॉल्ट्झ म्हणजे गोऱ्यांचा नाच, जोडीनं गरगर फिरायचा. तीनात फिरता येतं, चालता येत नाही. म्हणून हे लोक बरीच वर्षं तीनाच्या वाटेला फारसे गेले नाहीत. बसून वाजवायला लागले तेव्हा कुठं तीन त्यांच्याकडे आलं."

हे मास्तरांचं मत. मी ते कुठल्या पुस्तकात पडताळून पाहिलेलं नाही. पण दादाला ते फार आवडलं. परक्या मुलखात कुणीतरी मयतीपुढे चालत वाजवतं, हे त्यानं आईला जेवताना दोनदा सांगितलं. आई म्हणाली, "आन् मग त्यांच्या आया काय म्हन्त्यात?"

पुढच्या आठवड्यात दादानं आपल्या परीनं तोड काढली. दोन बार एकत्र धरले की सहा मात्रा होतात आणि डावा पाय जागेवर येतो. सहा मात्रा म्हणजे दादरा. त्यानं सगळा तुकडा दादऱ्यात वाजवला. एक जड, बाकी पाच हलक्या. ऐकायला गोड लागत होता. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान. बाळ झोपलं," ते म्हणाले. "आता मला वॉल्ट्झ वाजवून दाखव. दर तीनाला एक उचल पाहिजे. तू दुसरी उचल खाऊन टाकलीस."

दादानं क्लॅरनेट खाली ठेवलं. तो म्हणाला, "मला नाही जमणार हे." ईस्टर जवळ आला होता.

मी रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. मला एक शंका होती. थाळी आणि खोल आवाज तीन मोजत होते, पण पियानोवाल्याचा डावा हात दर बारात दोनच ठोके देत होता, आणि ते दोन्ही सारख्या अंतरावर होते. तीन मात्रांत दोन सारखे ठोके कसे बसतात, ते मी बोटांवर करून पाहिलं. पहिला एकवर. दुसरा दोन आणि तीनच्या बरोबर मध्ये. म्हणजे दर ठोका दीड मात्रेचा. प्राथमिक शाळेत आमच्याकडून दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, घोकवून घेतली होती. एक दिडे दीड, बे दिडे तीन.

"दादा, मात्रेवर चालू नको," मी म्हणालो. "दिडकीवर चाल. दीड मात्रेला एक पाऊल. दोन पावलांत बार संपतो आणि दर बाराला डावाच पाय येतो."

दादा उठला. मग पडवीत चालायला लागला. पावलं दोन, वर थाळी तीन. तीन-चार पावलांनंतर त्याचे पाय थाळीला जाऊन चिकटायचे. तरी मधूनच एखादा बार बरोबर पडायचा आणि मास्तर मान हलवायचे.

तेवढ्यात आई आम्हांला जेवायला बोलवायला कुंपणाशी आली. रेकॉर्डवर त्या वेळी बाकीचे सगळे थांबले होते. सॅक्सोफोनच्या फेऱ्या संपल्या की एक अख्खी फेरी फक्त ड्रमवाला वाजवतो, आणि तोही थाळीवर, अगदी हलक्या हातानं. आईनं कान दिला.

"त्या मशिनीत सूप कोन पाखडतंय?" तिनं विचारलं.

मास्तर खो खो हसले, मीही हसलो. दादा हसला नाही. तो कुंपणाजवळ गेला. "आई, तू कशी पाखडतेस?"

"जशी समद्या बाया पाखडत्यात तशी."

तसं नव्हतं. प्रत्येक बाईची तऱ्हा वेगळी असते, हे मला पुढे कळलं. आईची तऱ्हा अशी होती: एक मोठी उसळी, मग कोंडा पुढे आणायला दोन हलके झटके. सळ्ळ, सर, सर. आयुष्यभर आम्ही तो आवाज ऐकत आलो होतो आणि तीनापर्यंत कधी मोजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमधून आल्यावर आई रेशनची तांबडी ज्वारी घेऊन अंगणात बसली. त्या ज्वारीत त्या वर्षी कोंडा आणि खडे फार असत. दादा क्लॅरनेट घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"तू आपली पाखडत राहा," तो म्हणाला. "माझ्याकडं बघू नको."

"मला लई हौस हाय तुज्याकडं बघायची."

ती पाखडायला लागली आणि दादा चालायला लागला. कुंपणापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून कुंपणापर्यंत. सूप तीन मोजत होतं, पाय दोन. रेकॉर्डच्या थाळीला त्याचे पाय चिकटायचे, सुपाला चिकटले नाहीत. का ते मला सांगता येणार नाही. त्यानं क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि चाल धरली. पहिले सोळा बार तो एका जागी राहिला. पळाला नाही. मग अर्ध्या सुरानं वर गेला, आठ बार तिथं थांबला आणि खाली आला.

माझ्याकडे एक काम होतं. ड्रमच्या फेरीत दादाला बत्तीस बार गप्प राहायचं होतं आणि नेमक्या जागी परत सुरू करायचं होतं. ती फेरी मी मोजायची आणि शेवटच्या बाराला बोट वर करायचं. दादा क्लॅरनेट खाली धरून चालत राही, आई पाखडत राही, मी मोजत राही.  माझं बोट वर गेलं की दादा श्वास घेई.

अशाच एका फेरीनंतर सूप थांबलं.

"झालं माजं," आई म्हणाली. "निवडून झाली ज्वारी."

"अजून थोडं," दादा म्हणाला.

आईनं सुपात पाहिलं. ज्वारी स्वच्छ होती. कोंड्याचा कण नव्हता. तिनं दादाकडे पाहिलं. हे बसलं तर काय होणार, ते तिला माहीत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, कारण सूप बाजूला ठेवून ती आत गेली असती तर तिला कुणी काही म्हणू शकलं नसतं.

तिनं बाजूच्या पाटीतली निवडलेली ज्वारी परत सुपात घेतली आणि पाखडायला लागली. एक उसळी, दोन झटके.

त्या पंधरवड्यात तीच ज्वारी किती वेळा सुपातून गेली, ते मी मोजलं नाही. शेजारची एक बाई रस्त्यानं जाताना थांबली. "वो मावशी, अजून किती साफ करता? पॉलिश करून इकायची हाय का?"

"रेशनची हाय," आई म्हणाली. "खडे लई."

ईस्टरनंतर मास्तरांचे सोबती आले. गव्हाळ रंगाचा सूट, बारीक बोलणं. पडवीत खुर्चीवर बसले. मास्तरांनी एका डब्यावर बोटांनी ठेका धरला. दादानं वाजवलं. तो पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता, बाराला दोन पावलं, आणि क्लॅरनेट तीनांत चाललं होतं. गप्प राहायच्या फेरीत त्यानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर केलं. तो बरोबर जागेवर आला.

पाहुण्यांनी दादाच्या पायांकडे पाहिलं. मग मास्तरांना विचारलं, "हा पाय कुणी शिकवला याला?"

"घरचाच आहे," मास्तर म्हणाले.

"हॉटेलात एवढी जागा नसते. उभ्या उभ्या कर." मग दादाला, "सोमवारी माझ्याबरोबर निघ."

आमच्या अंगणातून त्या दिवशी कसलाच आवाज आला नाही. आई सकाळीच चर्चमध्ये जाऊन बसली होती. दुपारी आली. पदरानं तोंड पुसलं.

"जमलं?"

"जमलं," दादा म्हणाला.

"मग जेवा."

सोमवारी एसटी स्टँडवर तिनं त्याच्या पिशवीत भाकऱ्यांचं गाठोडं ठेवलं आणि क्लॅरनेटची पेटी मांडीवरच ठेव, वर टाकू नको, एवढंच सांगितलं. गाडी गेल्यावर घरापर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत मी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, बसलं तर जाणार म्हणून?"

"व्हय."

"मग कशाला पाखडत बसलीस?"

ती थोडं चालली. "जायाचं त्येच्या मनातच हुतं. तसाच गेला असता आन् चुकला असता, तर चार लोक हसले असते त्येला."

दादा हॉटेलात तीन वर्षं होता. सुरुवातीला नाताळला यायचा. मग तोही बोटीवर लागला. बोटीच्या वेळा आणि आमचे नाताळ जमेनात. मग एका परक्या बंदरात त्यानं घर केलं. वर्षातून एखादं पत्र येई. त्यात वाजवण्याबद्दल थोडं आणि हवेबद्दल जास्त असे. आई गेली तेव्हा तार पोचून तो यायला निघाला असता तरी पोचला नसता. तसं त्यानं लिहिलं होतं आणि ते खरं होतं. आता पत्रंही फारशी येत नाहीत. मी पाठवतो. परत आलेली नाहीत, म्हणजे पत्ता तोच आहे असं मी धरून चालतो.

माझ्या बायकोची पाखडण्याची तऱ्हा वेगळी आहे. ती श्रीरामपूरकडची. तिकडे, निदान तिच्या घरात, दोन उसळ्या आणि एक लांब घोळणं. तिला मी कधी काही सांगितलं नाही. सांगून काय करायचं? आता तर धान्य निवडलेलंच येतं.

मास्तरांनी जाण्याआधी ती रेकॉर्ड आणि मशीन मला दिलं. "तुझ्याशिवाय कोण मोजणार," म्हणाले. सुई दोनदा बदलली. मशीनच्या आत कुठं तरी घरघर आहे, पण वेग अजून बरोबर आहे, मी घड्याळ लावून पाहिला आहे.

दुपारी घरात कुणी नसलं की मी दुसरी बाजू लावतो. सॅक्सोफोनच्या फेऱ्या चांगल्या आहेत, असं जाणकार सांगतात. मी त्या संपायची वाट बघतो. मग सगळे थांबतात आणि थाळी एकटी उरते. एक जड, दोन हलके. ही फेरी मी खुर्चीच्या हातावर बोट ठेवून मोजतो. सोळा बार एका जागी, आठ वरचे, आठ परतीचे. वरचे आठ फक्त मोजूनच कळतात, कारण सुपाला सूर नसतो. शेवटच्या बाराला माझं बोट आपोआप वर जातं. कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतो.

मग सॅक्सोफोन सुरू होतो.